शेळीला वजन नाही

परमेश्वराने या पृथ्वीवर जे काही निर्माण केलं, त्यातली एकही वस्तू आमच्या साडूभाऊंनी पहिल्या नजरेत पास केलेली नाही. पुरी टम्म फुगली तर ती एका बाजूला जास्त फुगलेली असते. आंबा साखरेसारखा निघाला तर त्याचा देठ मध्यावर नसतो. पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटची वास्तुशांत होती त्या दिवशी सगळे पाहुणे "वा, काय हवेशीर आहे!" म्हणत हिंडत होते, आणि हे गृहस्थ एक डोळा मिटून, भिंतीला गाल लावून उभे. गुरुजींचा संकल्प संपायच्या आत त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "राव, ही भिंत पोटात आलीये, मध्येच फुगलीये." त्या दिवसापासून मलाही ती भिंत पोटात आलेलीच दिसते. बायकोची सख्खी बहीण त्यांना दिलेली असल्यामुळे हे नातं मला मोडता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आता मोडावंसंही वाटत नाही.

साडूभाऊ चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. तिथे प्रेसवर स्कूटरचे पत्र्याचे भाग निघतात. साडूभाऊ ते उजेडात धरतात, उलटे करतात, कडेवरून अंगठा फिरवतात आणि एक तर 'पास' म्हणतात, नाही तर 'रिजेक्ट'. तिसरा शब्द त्यांच्याकडे नाही. 'बरं आहे', 'चालेल', 'छान' हे शब्द न बघता बोलणाऱ्या माणसांनी शोधून काढले आहेत, असं त्यांचं ठाम मत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला सासूबाईंनी मोठ्या हौसेनं विचारलं, "करंज्या कशा झाल्यात, जावईबापू?" साडूभाऊंनी करंजी फिरवून फिरवून पाहिली, तिची मुरड मोजल्यासारखी न्याहाळली आणि म्हणाले, "पास." सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. हा या माणसाचा सर्वोच्च पुरस्कार आहे, हे त्यांना कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

आता अशा काटेकोर माणसाला बुद्धिबळाचा नाद असावा, फार तर जुनी नाणी जमवण्याचा. साडूभाऊंना नाद टीव्हीवरच्या कार्टूनचा. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सगळं जग घरी लोळत असतं तेव्हा हे कामावर, आणि गुरुवारी हे घरी तेव्हा बायको नोकरीवर, लेक शाळेत, बोलायला भिंती. लेक अगदी लहान असताना तिला वरणभात भरवायला म्हणून त्यांच्या आकुर्डीच्या घरात कार्टून लागलं. चार घास खाऊन ती खेळायला पळाली, आणि हे भाताचा हात तसाच ठेवून बघत बसले. तिथून ते काही उठले नाहीत.

बरं, बघताना हसायचं नाव नाही. नवीन माल तपासायला आल्यासारखी मुद्रा. एखादं पोरगं पळत असेल आणि त्याच्यामागे तेच झाड पुन्हा पुन्हा येत असेल, तर हे कळवळून म्हणणार, "अरे, कशाला दमतोस? पोचत तर नाहीयेस!" ओठ मिटलेले आणि आवाज सुरू, असं दिसलं की हे रिमोट खाली ठेवून कपाळाला हात लावत. एकदा सासूबाई शेजारी बसलेल्या असताना हे सहज म्हणाले, "आता तो डावीकडचा दगड पडणार." दगड पडला. "आता कपाटाचा मधला कप्पा उघडणार." उघडला. सासूबाईंनी पदर सावरून जावयाकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मला हसू आवरेना. जुन्या कार्टूनमध्ये जी वस्तू हलायची असते ती वेगळी रंगवतात, त्यामुळे तिचा रंग मागच्या चित्रापेक्षा थोडा निराळा दिसतो, एवढंच त्यातलं गुपित. पण सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांनी हळूच विचारून घेतलं, "अन् आमच्या धाकट्या भाच्याचं लगीन कवा जमायलंय, तेवढं बघा की."

तसा या दोघांचा उभा दावा. सासूबाई मूळच्या लातूरकडच्या, आता आमच्याकडे असतात, आणि त्यांना कॉम्प्युटरवर केलेली गुळगुळीत, चकचकीत कार्टूनं आवडतात. देव कसे सोन्यासारखे झळाळले पाहिजेत. साडूभाऊंना हातानं काढलेली रेघ लागते. चकचकीत कार्टून लागलं की ते म्हणतात, "हे प्लास्टिकचं मोल्डिंग आहे, आई. साच्यातून काढलं, पॉलिश मारलं." सासूबाई ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. "लेकराच्या खेळात काय खोट काढायलात? तुमी च्या प्या अन् गप बसा." जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात, आमच्याकडे त्या ग्रहाला शांत करायला चहाच उपयोगी पडतो.

घरात कुणी दाद देईना म्हणून साडूभाऊ फोनवरच्या कार्टूनप्रेमींच्या एका ग्रुपमध्ये शिरले. तिथे सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यात गणपतीचा फोटो लावलेले हे एकटे 'अंकल'. गेल्या गेल्या त्यांनी तक्रार नोंदवली की एका प्रसिद्ध मालिकेतल्या पात्रांच्या हाताला चारच बोटं आहेत. "एक बोट शॉर्ट आहे. हा माल पास कसा झाला?" पोरांनी हसून हसून ग्रुप डोक्यावर घेतला. कुणीतरी समजावलं, "अंकल, ती स्टाईल असते. सगळीकडे चारच काढतात." साडूभाऊंनी तो आठवडा जुने भाग पुन्हा बघण्यात घालवला, आणि गुरुवारी ग्रुपवर जाहीर केलं, "तपासलं. ड्रॉइंगमध्येच चार आहेत. पहिल्या तुकड्यापासून तसंच असेल तर ती स्टाईल. मधूनच एखादा तसा निघाला तर डिफेक्ट. बोटं पास. गैरसमजाबद्दल क्षमस्व." पोरं त्या दिवसापासून त्यांना मानायला लागली. आजही तिथे रेषा आणि रंगांवरून हाणामारी पेटली की कुणीतरी म्हणतं, "थांबा भावांनो, अंकलना सुट्टी कधी आहे?"

हे सगळं त्यांची लेक लहानपणापासून बघत होती, आणि बघता बघता काढायला लागली. दहावीनंतर साडूभाऊंनी तिला इंजिनीअरिंगच्या डिप्लोमाला घातलं. दुसऱ्या वर्षी ती घरी येऊन म्हणाली, "पप्पा, मला अॅनिमेशन शिकायचंय." घरात वादळ झालं. माझी मेहुणी नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या त्या कार्टूनपायी पोरगी वाया चाललीय." नातेवाइकांनीही तेच म्हणून घेतलं. साडूभाऊंनी मात्र लेकीला डिप्लोमा सोडू दिला. त्यानंतर ते कार्टून बघायचे ते आवाज बारीक करून. पोरीचं नीट झालं नाही तर तो दोष आपला, हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. तोंडानं ते कधी बोलले नाहीत, पण मला दिसत होतं.

शिकून ती माणजवळच्या एका छोट्या स्टुडिओत लागली. एका मालिकेत एक शेळी भिंतीवरून पत्र्याच्या छपरावर उडी मारून पळते, असा प्रसंग होता. मुख्य चित्रं मोठे कलाकार काढतात, म्हणजे भिंतीवरची शेळी आणि छपरावरची शेळी. मधल्या सगळ्या शेळ्या हिच्या. आमचा टीव्ही मोठा म्हणून गुरुवारी संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमले. मेहुणीनं पेढे आणलेले. शेळी आली, उडाली, छपरावर गेली, पळाली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपलं. आम्ही सगळे टीव्ही सोडून साडूभाऊंच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "छान."

मी गारच पडलो. सासूबाई खूश होऊन म्हणाल्या, "बघा, सोताच्या लेकीचं म्हणल्यावर कसं गोड लागायलंय!" लेक मात्र उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी पाणी प्यायचं निमित्त करून मागे गेलो, तर ओट्याला टेकून मुसमुसत होती. "काका, पप्पा आजवर कशालाच छान म्हणाले नाहीत. छान म्हणजे त्यांनी बघितलंच नाही. नाहीतर इतकं वाईट झालंय की सांगवत नाहीये." मग डोळे पुसून म्हणाली, "मी परत डिप्लोमा करीन. त्यांना तरी बोल लागणार नाही."

बाहेर आलो तर साडूभाऊ गॅलरीत उभे. मी सांगितलं, लेक रडतेय. ते हवालदिल झाले. "राव, काय करू? उतरताना शेळीला वजनच नाही. पत्रा दबला पाहिजे, तो दबलाच नाही. पण एवढ्या लोकांत पोरीच्या पहिल्या कामाला रिजेक्ट मारू? त्यापेक्षा जीभ झडलेली परवडली." मी म्हटलं, "साडूभाऊ, तिला पेढे नकोत. तिला तुम्ही बघितलेलं पाहिजे." ते तसेच स्वयंपाकघरात घुसले.

"पत्रा दबला नाही," ते दारातूनच म्हणाले. "उतरली तेव्हा. शेळीला वजन नाही."

लेक गर्रकन वळली. "मी म्हटलेलं स्टुडिओत त्यांना! उतरताना दोन चित्रं जास्तीची द्या म्हणून. नाही ऐकलं."

"दोन कशाला? एक पुरे. पण गुडघे वाकलेलं."

"एकानं झटका बसेल, पप्पा."

"कसा बसेल? हे बघ." आणि आमचे साडूभाऊ, इस्त्रीचा शर्ट आणि सुट्टीची पँट घालून, स्वयंपाकघराच्या फरशीवर चक्क चार पायांवर झाले. आवाज ऐकून सासूबाई आल्या. त्यांनी माहेरी शेळ्या वळलेल्या. "मागचे पाय आधी टेकवायलात व्हय? पडंल की ती! पुढचे आधी, अन् मान खाली." साडूभाऊंनी मान खाली घातली. लेक रडता रडता खदखदून हसायला लागली आणि तिनं किराण्याच्या कागदी पिशवीच्या पाठीवर आपल्या बापाची शेळी काढून घेतली. डिप्लोमाचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही.

मग त्या दोघांचा एक रिवाजच पडून गेला. लेकीनं आपला प्रसंग कुठला ते सांगायचं नाही. साडूभाऊंनी गुरुवारी भाग बघायचा आणि चुकीवरून तिचा हात ओळखायचा. "तो छत्री उघडणारा म्हातारा तुझा. कोपर अडकलंय." हटकून बरोबर निघायचं. ती हैदराबादला मोठ्या स्टुडिओत गेली तरी फोन ठरलेला, आणि बापलेकीचं भांडण इतकं रंगायचं की मेहुणीला जेवायला हाका माराव्या लागायच्या.

परवाच्या गुरुवारी मी सहज आकुर्डीला गेलो. साडूभाऊ टीव्हीपुढे बसले होते. भाग संपला, त्यांनी तो पुन्हा लावला, पुढे वाकून बघितला, पुन्हा मागे नेला. मी विचारलं, "यातलं आपल्या पोरीचं कुठलं?"

"कळत नाही, राव," ते म्हणाले. "गेले कित्येक गुरुवार कळत नाहीये. सगळंच पास आहे." आवाजात अभिमान होता, आणि अभिमानाखाली काहीतरी ओलं होतं. "फोन करतो. पण काय बोलू? जेवलीस का, तर जेवले. बरी आहेस का, तर बरी आहे. झालं, संपलं." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "एखादी तरी चूक ठेवायची होती पोरीनं, माझ्यापुरती."

आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं, या माणसाला खोट सापडावी. मी खुर्ची त्यांच्या शेजारी ओढून घेतली आणि आम्ही दोघांनी तो भाग पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतला.