स्वच्छ वर्तुळ

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी दगडी पाल्याच्या अर्कावर काम करत होते. आमच्या यवतमाळकडे त्याला कंबरमोडी म्हणतात. कुठं कापलं, खरचटलं की बाबा तोच पाला चोळून लावायचे. कोथरूडमागच्या टेकडीवरून मी तो पिशवीभर आणला, सावलीत वाळवला आणि अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला. त्यात बुडवलेल्या कागदी चकत्या जंतू पसरलेल्या थाळीवर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चकतीभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ दिसलं. तिथं जंतू वाढलेच नव्हते. माझ्या गाइड मॅडम परगावी होत्या. मला दम निघेना. जिन्यात उभी राहूनच मी बाबांना फोन लावला.

"मंग! मी म्हनत नव्हतो का?" ते म्हणाले. शुगरमुळे त्यांच्या टाचेची जखम महिनाभर भरत नव्हती. ते मला माहीत होतं. तरी मी बोलून गेले.

तीन दिवसांनी मॅडम आल्या. थाळी उजेडात धरून त्यांनी विचारलं, "नुसत्या अल्कोहोलची चकती कुठे आहे?"

मी ती ठेवलीच नव्हती.

"परत लावा."

तो दिवस कसा गेला ते मला अजून नीट सांगता येत नाही. थाळ्या उबेत ठेवायचा इनक्युबेटर सारखा उघडू नये हे मीच ज्युनिअर्सना शिकवायचे. तरी मी दोनदा उघडला. संध्याकाळी बसमध्ये जागा असूनही उभीच राहिले.

सकाळी पाहिलं तर दोन्ही चकत्यांभोवती सारखीच वर्तुळं. मी चकत्या नीट वाळवल्याच नव्हत्या.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "अल्कोहोलनं जंतू मरतात, हा शोध पुण्यात लागला."

हसू आलं नाही. पळत बाहेर येऊन घरी फोन केला. आईनं उचलला.

"बाबा पट्टीला जातात ना?"

"कुठले जातात! तू सांगितल्यापासून पाला बांधून बसलेत."

मी बाबांना फोन द्यायला लावला. "बाबा, माझं चुकलं होतं. पाला काढा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

ते म्हणाले, "तूच तर म्हनली होती."

"हो. मी घाई केली."

ते दवाखान्यात गेले. जखमेत पू झाला होता. डॉक्टरांनी ती कापून साफ केली. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर टाच वाचली नसती, असं आई नंतर म्हणाली. जखम भरायला अडीच महिने लागले. मी दर दुपारी फोन करून फोटो मागवायचे आणि तो मोठा करून बघत बसायचे.

चकत्या नीट वाळवून मी प्रयोग तीनदा केला. वर्तुळ आलं, पण इतकं बारीक की मोजपट्टीवर जेमतेम एक-दोन मिलिमीटर भरायचं. प्रबंधात तेवढंच लिहिलं. बाबांनी त्या कामाबद्दल पुढे कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.