चोचीवाले सर

दोंडाईच्याच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणारे सर पक्ष्याचं नाव विचारलं की कधीच सांगत नसत. "नाव राहू दे. चोच बघ, आणि हा काय खात असेल ते सांग," म्हणायचे. गावात सगळे त्यांना चोचीवाले सरच म्हणत.

राघूची चोच बी फोडते, शिंजिराची फुलात शिरते, हे आम्ही त्यांच्याबरोबर चालता चालता शिकलो. पण त्या चोची तशा झाल्या कशा, हे सांगायला नववीत त्यांनी बाकांवर ज्वारी आणि भुईमुगाच्या शेंगा पसरल्या. निम्म्यांच्या हाती चिमटे दिले, निम्म्यांच्या हाती पकडी. "ही तुमची चोच. भरा पोट." चिमटेवाल्यांनी भराभर दाणे उचलले. मग सरांनी ज्वारी काढून घेतली. "दुष्काळ पडला. आता शेंगा फोडून खा." चिमट्यांना काही शेंग फुटेना, पकडी मात्र पटापट फोडत होत्या.

"चिमटावाला बठ्ठा मरनात!" सगळे मेले, असं मागून कुणीतरी अहिराणीत ओरडलं. वर्ग हसला.

"आणि जाड चोचीचे जगले," सर म्हणाले. "पिल्लंही त्यांचीच झाली, तशाच चोचीची. कुणी ठरवून चोच वाढवत नाही."

सुनीता हसली नव्हती. तिच्या हातात चिमटा होता. महिन्यापूर्वीच तिचा धाकटा भाऊ तापाने गेला होता. ती उभी राहिली. "सर, मना भाऊ कमजोर व्हता म्हनीसन गया का?"

वर्गात नेहमी पुस्तकी मराठी बोलणारे सर तिच्या बाकाशी येऊन बसले आणि तिच्याच अहिराणीत बोलले. "नही, माय. पाखरूले दवाखाना नही. माणूसले शे, पन तुना भाऊले तो येळवर भेटना नही. ती चूक आमनी, मोठास्नी. त्यानी नही."

त्यानंतर हा धडा घेताना ते दरवर्षी आधीच बजावत, "जगला तो शहाणा नाही, मेला तो कमी नाही. त्या वेळी तिथं खायला काय उरलं होतं, एवढंच बघायचं."

गेल्या वर्षी धुळ्यात सर गेले. दहाव्याला आम्ही जमलो. सुनीता शिंदखेड्याहून आली. ती आता तिथं नर्स आहे. सरांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणतो. सुनीताला पाहून अक्का म्हणाल्या, "त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, पोरीला उत्तर तर दिलं, पण तिला पटलं की नाही कोण जाणे. शेवटपर्यंत ते त्यांच्या मनात होतं."

सुनीताने त्यांचा हात धरला.

"पटनं व्हतं, अक्का," ती म्हणाली. "मीच सांगाले पाहिजे व्हतं."