देवराम सरांचा सरळ रकाना

नाशिकरोडच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत देवराम सरांनी उभी हयात टाइपिंग शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेले कारकून निम्म्या जिल्ह्यात पसरलेत आणि प्रत्येकाला सरांची एक सवय आठवते. रकाना केसभर जरी सरकला तरी सर कागद मशीनमधून ओढून टराटरा फाडायचे आणि शांतपणे म्हणायचे, "चला, पुन्हा." यात नातंगोतं चालायचं नाही. पोटच्या पोरीचा, तेजलचा कागदही त्यांनी भर वर्गात फाडला होता.

पुढे टाइपरायटरची परीक्षाच बंद झाली. मशीनं भंगारात गेली, त्याच खोलीत तेजलने कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि सर दाराशी खुर्ची टाकून हजेरी घेऊ लागले. पण जित्याची खोड! त्या खोलीत पुन्हा उभं राहून शिकवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून म्हातारपणी ते प्रोग्रामिंग शिकायला बसले.

शेवटी तेजल म्हणाली, "अप्पा, वर्गासमोर गुणांचा तक्ता छापून दाखवा. नीट आला तर सकाळची बॅच तुमची. फक्त टॅब नका वापरू. स्ट्रिंग फॉरमॅटिंग करा, म्हणजे नावाला किती जागा राखायची ते आपणच प्रोग्रामला सांगायचं."

"टॅब तू मला शिकवतेस होय?" सर हसले. एवढ्या परक्या मुलखात टाइपरायटरवरचं ओळखीचं एक बटण भेटलेलं, दाबलं की थेट पुढच्या रकान्यावर नेणारं, ते कशाला सोडतील! घरी त्यांनी काळू, नाथा, रवी अशी नावं घालून पाहिली. रकाना सुतासारखा सरळ आला.

वर्गात नावं इंग्रजी अक्षरांत होती. हर्षलपर्यंत सगळं ठीक. त्याच्याखाली कालच प्रवेश घेतलेली हर्षाली. तिचं एकच अक्षर जास्त, सातऐवजी आठ, पण तिचे गुण रकाना सोडून पार उजवीकडे जाऊन बसले. कॉम्प्युटरच्या टॅबचे थांबे दर आठ जागांवर ठरलेले. नावानेच पहिला थांबा गाठला, की टॅब पुढच्या थांब्यावर उडी मारतो. पोरं खुसखुसली.

लाजेने सरांचे कान तापले. टाइपरायटरवर टॅबचे थांबे ते स्वतः लावायचे, तेही सगळ्यात लांब नाव आधी मोजून. दर बॅचला पहिला धडा हाच असायचा. इथे मात्र न मोजता ते मशीनवर विसंबले होते.

"चालतं हो अप्पा, एकच तर ओळ आहे," तेजल घाईघाईने म्हणाली.

त्या खोलीत 'चालतं' हा शब्द आजवर कुणी काढला नव्हता. सरांनी प्रिंटरवरचा कागद उचलला आणि सगळ्यांदेखत टराटरा फाडला.

"चला, पुन्हा," ते स्वतःलाच म्हणाले. मग वर्गाकडे वळले. "सगळ्यात लांब नाव कुणाचं रे? मोजा आधी."

खुसखुस थांबली. पोरं बोटांवर अक्षरं मोजू लागली. तेजलने हजेरीचं रजिस्टर उचललं आणि दाराजवळच्या सरांच्या खुर्चीत जाऊन बसली.