आक्काच्या दारातला गुलाल

आमच्या गावात माणूस कुठल्या गटाचा, हे विचारावं लागत नसे. सकाळी किटली घेऊन तो कुठल्या डेअरीकडं वळतो तेवढं बघितलं की कळायचं. वेशीपाशी वरच्या गटाची दूध संस्था, देवळामागं खालच्या गटाची. दर सारखाच. तरी घरासमोरची डेअरी सोडून चिखल तुडवत लांबच्या डेअरीला जाणारी माणसं होती. मी त्यातलाच. वडील वरच्या गटाचे, म्हणून मी वरच्या गटाचा. ह्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणी म्हटलं असतं तर त्यालाच मी येड्यात काढलं असतं.

थोरली बहीण, आक्का, गावातच दिलेली. तिचं घर खालच्या गटाचं. त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. मतदान झालं की पुन्हा एकमेकांच्या घरी जेवण.

नव्वदच्या पुढची गोष्ट. ग्रामपंचायतीला खालच्या गटानं आमच्याच वॉर्डात दाजींना, म्हणजे आक्काच्या मालकांना, उभं केलं. चिन्ह मिळालं छत्री. मी चौकात दाढी करायला बसलो होतो, तर आमच्याच गटातल्या एकानं खडा टाकला.

"काय मामा, औंदा छत्री घ्याय लागणार म्हणा की तुमाला!"

दुकानातले सगळे हसले. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून मी उठलो.

"माझ्या बाचा गट हाय ह्यो. बहिणीच्या घरी जेवतोय म्हणून मत फिरवतोय व्हय रं?"

हे बोलणं दुपारपर्यंत आक्काच्या घरी पोचलं. संध्याकाळी ती आली. आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"तू तुझ्या गटाचं काम कर, मी न्हाय म्हणत न्हाय. पर एवढ्या खेपंला चौकात तोंड उघडू नगंस. ह्यांनी लई मनावर घेतलंय."

"तोंड माझं हाय," मी म्हटलं.

"तुजंच हाय बाबा," म्हणाली आणि गेली.

मतदान शाळेत होतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागं कागद उघडला, आणि ती छत्री बघून माझा हात थांबला. बायकोच्या पहिल्या बाळंतपणात, भर पावसात, बंद पडलेली जीप दाजींनी दवाखान्यापर्यंत ढकलत नेली होती. मी शिक्का छत्रीवर मारला. घडी घालून कागद पेटीत टाकला आणि कुणी बघितलं का म्हणून चोरासारखा इकडं तिकडं बघत बाहेर आलो.

आमच्या गटाचा एक पोरगा फाटकाशी उभाच होता. "मामा, बरूबर न्हवं?"

"मला शिकीवतोस व्हय?"

आक्काला सांगितलं नाही. तिनं आनंदानं दाजींना सांगितलं असतं, दाजींनी आणखी कुणाला. मग बापाच्या गटातनं फुटलेला म्हणून मला चौकात बसू दिलं नसतं. असं मला वाटत होतं.

दाजी थोडक्यात पडले. गुलालाची पोती फुटली, हलगी वाजायला लागली. मी घरी बसलो असतो तर लोकांनी काय ते ओळखलं असतं, म्हणून मीही मिरवणुकीत शिरलो. पोरांनी मुद्दाम मला पुढं काढलं. पडलेल्याच्या दारात थांबून नाचायची आमच्याकडं रीतच. मिरवणूक आक्काच्या दारात थांबली. ती तेवढ्यात धार काढून गोठ्यातनं येत होती, हातात भरलेली चरवी. मागून कुणी तरी ओरडलं, "मामा, टाका की!" माझ्या मुठीत गुलाल होता. मी टाकला.

तो तिच्या अंगावर पडला, दुधात पडला. तिनं माझ्याकडं बघितलं. चरवी गटारीत उपडी केली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर तिच्या पोरीचं लग्न झालं. मला पत्रिका नव्हती. दाजी गेले तेव्हा मी स्मशानात लांब उभा राहिलो. तेव्हाही सांगता आलं नाही, आणि सांगून उपयोगही काय होता त्यांना.

पुढं दोन हजार सालानंतर एका निवडणुकीत दोन्ही गटांचे पुढारी एकाच स्टेजवर बसले. एकमेकांना हार घातले, शेजारी शेजारी बसून जेवले. मी खाली मांडवात बसलो होतो. पुढ्यातलं ताट सारलं. तसाच उठलो आणि आक्काच्या घरी गेलो.

ती बाहेरच्या सोप्यात शेंगा फोडत होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं. "आक्का, त्या टायमाला मी मत दाजींनाच दिलतं. छत्रीवरच शिक्का मारलता. आईची आन."

ती शेंगा फोडत राहिली.

"दिलं आसंल की," म्हणाली. "मी काय पेटीत वाकून बघितलं न्हाय. दारात जे बघितलं तेवढंच मला ठावं."

मी म्हटलं, "लोकांस्नी दाखवाय टाकला गं त्यो."

"दाखवाय काय आनि कशाला काय. ह्यास्नी जित्तेपणी सांगायचं हुतं हे. शेवटपातूर म्हणत हुते, मेव्हण्याचं एक मत तरी पडाय पायजे हुतं."

ती उठली, घोंगडं अंथरलं, आतनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला.

"बसा पावणं," म्हणाली. "च्या ठेवते."

तेव्हापासून मी जातो. सणाला जातो, उगीच पण जातो. ती चहा करते, पोराबाळांचं विचारते. पण मला ‘तू’ म्हणत नाही.