केबोन्येचं वर्ष

“दुखवट्याचं वर्ष भरलेलं नाही, वहिनी! काळे कपडे अंगावर असताना शेतात पाय ठेवायचा नाही.”

“हे ढगांना सांगा, भावजी. म्हणावं, जरा थांबा, केबोन्येचं वर्ष भरू द्या.”

“थट्टा पुरे. एवढ्या वर्षांनी आत्ता कुठे पाऊस आलाय.”

“म्हणूनच तर म्हणते! आपली जमीन वाळूची. चार उन्हं पडली की ओल गेली. तुम्ही आधी तुमचं नांगरणार, मग तुमच्या सासऱ्यांचं. माझ्या वाट्याला काय, धूळ?”

मोथिबी केबोन्येचा धाकटा दीर. एरवी हल्ली तो अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडूनच बोलायचा. आज पावसाने त्याला छपराखाली आणलं होतं, तरी तो तिच्यापासून दोन हात लांबच उभा होता. विधवेची पावलं उष्ण असतात, ती शेतात पडली की पाऊस पाठ फिरवतो, याबद्दल गावात कुणाचं दुमत नव्हतं. खरं तर केबोन्येचंही नव्हतं. विहिरीवर जाताना ती वाटेवर रानकांद्याचे तुकडे टाकत जायची, मागून येणाऱ्या गुरांना बाधा नको म्हणून. गुरं यायची. माणसं दुसऱ्या वाटेने जायची.

ती टोळधाडीच्या साली जन्मली. तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि बेचुआनालँडचा कारभार चालायचा तो सरहद्दीपलीकडच्या गावातून. “आपली राजधानीसुद्धा परदेशात कामाला गेलीय,” असं म्हणून तिचा नवरा डिथापेलो हसायचा. मग तोही गेला, दक्षिणेच्या गाडीत बसून, जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत. नाताळला यायचा, ब्लँकेट आणायचा, पेरणी उगवायच्या आत परत जायचा. मूलबाळ झालं नाही. पुढे दुष्काळ पडला. बैल एकेक करून बसले ते उठलेच नाहीत. मदतीचा पिवळा मका खाऊन तोंड विटलं. आणि एके दिवशी खाणीचं छत कोसळलं. त्याला तिकडेच पुरलं. कबर तिने पाहिली नाही.

यंदा सप्टेंबरअखेर देश स्वतंत्र होऊन बोट्स्वाना झाला. सभेच्या जागी निळा झेंडा चढला, पाण्याच्या रंगाचा. “पूला! पूला!” गाव ओरडलं. पाऊस पडो! केबोन्येही म्हणाली, आपल्या अंगणातून, एकटीच.

“मी पेरून देतो म्हटलं ना,” मोथिबी म्हणाला. “कुदळ घेऊन निघायची काय घाई?”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालात. ‘आधी माझ्या शेताला हात लाव, मग तुझं बघू.’”

“गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी. तेव्हा तू विधवा नव्हतीस.”

केबोन्ये ज्वारी कांडत होती. तिने मुसळ बाजूला ठेवलं.

“काल विहिरीवर, यांच्याबरोबर खाणीत होता त्या फेन्योची बायको भेटली. लांबूनच बोलली बिचारी. फेन्यो खाणीतून परत कधी आला, आठवतंय?”

“असेल कधीतरी.”

“गेल्या नांगरणीच्या आधी. स्वतःच्या घरी जायच्या आत तुमच्याकडे आला होता. ‘तुझा भाऊ गेला’ हे सांगायला.”

मोथिबी छपरावरून पडणाऱ्या धारेकडे बघत राहिला.

“तुमची बायको बाळंतीण. शेतात हात हवे होते. मला सांगितलंत ते सुगीचे दिवस सरल्यावर. दुखवटा घराला कळल्या दिवसापासून धरतात ना? मग माझं वर्ष भरलंय. उद्या चारचौघांत तेवढं सांगा. माझे केस उतरवा, अंगावर पाणी घाला, मी मोकळी.”

“चारचौघांत? अगं, लोक काय म्हणतील...”

“म्हणतील, म्हणजे गेल्या साली ही उष्ण पावलांनी मोथिबीच्या शेतात फिरली. म्हणून पाऊस गेला.” तिचा आवाज खाली आला. “मीही तेच विचारते, भावजी. अंथरुणावर पडल्या पडल्या विचारते, आणि घरात ‘झोप आता’ म्हणायलाही कुणी नाही. तुम्हाला ठाऊक होतं. तरी मला त्या मातीत उतरवलंत?”

मोथिबीने टोपी डोक्यावर दाबली. कॉलर वर केली. आणि भर पावसात, भिंतीतल्या वाटेने, मागे न बघता निघून गेला.