बरं म्हणजे

"बरां म्हणजे बरांच, तेच्यार काय नाय," असं धाकू केळुसकर एकदा आपल्या मुलीला म्हणाला होता.

नमितानं तिच्या पहिल्या पगाराचा केक आणला होता. तो खाऊन धाकूनं "बरो आसा" एवढंच म्हटलं आणि ती रुसली. तिच्या कानात बरं हा शब्द मुंबईचा होता. बरं म्हणजे ठीक, चालवून घेऊ. धाकूच्या कानात तो वेंगुर्ल्याकडच्या गावचा होता. तिथं पाऊस बरा, सून बरी, आणि माणूस गेला की चारजण उभे राहून "बरो माणूस होतो" म्हणत. त्याच्या वरचा शब्द गावाला कधी लागलाच नाही. बायको जिवंत होती तोवर एकोणतीस वर्षं तिच्या बांगड्याच्या कढीला त्यानं "बरी झाली" म्हटलं आणि दर वेळी तिनं त्याच्या भातावर आणखी एक पळी ओतली. दोघांचं त्या एका शब्दावर भागलं.

धाकू लिफ्टचा मेकॅनिक. घाटकोपरच्या भटवाडीतून सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन निघायचं आणि कुठं अंधेरी, कुठं बोरिवली, जिथं लिफ्ट अडकली असेल तिथं पोचायचं. डबा नेण्यात अर्थ नव्हता. दुपारी बारा वाजता आपण कुठल्या उपनगरात असू, हे त्याला सकाळी आठला ठाऊक नसे. त्यामुळे चौतीस वर्षं तो हॉटेलांत जेवला. निवृत्त झाल्यावर नमितानं तिचा जुना फोन त्याला दिला. नकाशावर हॉटेलाचं नाव दाबलं की खाली लिहिता येतं, हे तिनं शिकवलं. "तुम्ही एवढं खाल्लंय बाबा, लिहा की. टाइमपास होईल."

धाकू लिहू लागला. चकाल्याच्या उडप्याबद्दल लिहिलं, 'इडली सकाळी नऊपर्यंतची. नंतर तीच.' बोरिवलीच्या पंजाबी हॉटेलाबद्दल, 'अंधार फार. काय खाल्लं ते बिल वाचून कळलं.' चेंबूरला, 'सांबार गोड. रडणाऱ्या पोराची समजूत घालतात तसं.' लोक हसले, लाइकचे अंगठे दिले. फोनवर अधूनमधून अभिनंदन येई, की तुमचं लिहिलेलं इतक्या हजार माणसांनी वाचलं. हजार माणसं कशी दिसतात ते धाकूला डोळ्यांसमोर आणता येत नसे. तो फोन पालथा ठेवी.

लिहिताना तारे द्यावे लागत. तारे म्हणजे काय, हे नमितानं सांगितलं नाही आणि धाकूनं विचारलं नाही. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. जुहूला समुद्रासमोर पंचतारांकित हॉटेल आहे, तिथली सामानाची लिफ्ट त्यानं सात वर्षं सांभाळली होती, आणि तिथल्या नोकरांच्या कँटीनमध्ये पातळ डाळ खाल्ली होती. त्या डाळीला त्यानं पाच तारे दिले. हॉटेलच पाच ताऱ्यांचं, त्याला तो काय करणार? एसी असेल तर तीन. उडप्याला दोन. हातगाडीला एक. माणसाची जशी पत, तसे तारे.

मुलुंडच्या एका जुन्या सोसायटीत जाळीच्या दाराची लिफ्ट होती. तिचं दुखणं धाकूशिवाय कुणाला कळत नसे, म्हणून निवृत्तीनंतरही दर मंगळवारी तो तिथं जाई. त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात सगुणाचं सुजाता भोजनालय होतं. चार टेबलं, प्लॅस्टिकची स्टुलं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पाण्याचा फिल्टर. सगुणा हिंगोलीकडची. नवरा शाळेची बस चालवायचा, ही एकटी तव्यासमोर. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मंगळवारी कोंबडीचा रस्सा. पहिल्यांदा तो रस्सा पोटात गेला तेव्हा धाकूला आत काहीतरी मजला गाठून नीट थांबल्यासारखं वाटलं होतं. बायको गेल्यापासून तसं झालं नव्हतं. स्टुलावर बसूनच त्यानं लिहिलं, 'जेवण बरं.' आणि तीन तारे दिले. एसी नसलेल्या जागेला तीन तारे त्यानं त्याआधी कधी दिले नव्हते, नंतरही दिले नाहीत.

त्याला तीन महिने झाले. आणि एका मंगळवारी तो भाकरीचा पहिला तुकडा तोंडात घालतो तोच सगुणा शेजारच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "समोरच्या बिल्डिंगीत हापीस आलंय ना नवं? त्यांना रोज दुपारी चाळीस ताटं पाहिजेत. ती मिळाली तर गाळा राहतो, नाहीतर सोडायचा. आमचं नाव होतं त्यांच्या यादीत. पण फोनवर आमच्या नावाखाली कुण्या बाईनं लिहून ठेवलंय म्हणे."

"काय लिहिलं?"

"जेवण बरं!" सगुणानं भाकरी तव्यावर आपटली. "बरं! दवाखान्यात इचारतेत तसं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खारट म्हणली असती, मीठ कमी घातलं असतं. ह्या बरंला मी काय कमी घालू?"

"कोण आहे ही?"

"नमिता के. लई वाचतेत म्हणं तिचं, म्हणून तिचंच सगळ्यात वर दिसतंय. एकदा बोलवा तिला इथं. बसवते तव्यापुढं." मग ती धाकूकडे वळली. "मामा, रस्सा घ्या की. का तुम्हाला बी बरंच वाटतंय?"

फोन नमिताचा, म्हणून नावही नमिताचं. धाकूच्या तोंडात भाकरी होती. ती गिळेपर्यंत "मी" हा शब्द तोंडात तयार होता. गिळून झाली तेव्हा सगुणा पाठमोरी होऊन पुढची भाकरी थापत होती. तो मानेनंच हो म्हणाला. कशाला हो म्हणाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

घरी आल्यावर त्यानं नमिताला तारे विचारले. तिनं डोक्याला हात लावला.

"बाबा, तारे हॉटेलचे नसतात! तुम्हाला किती आवडलं त्याचे असतात. किती जणांना दिलेत असे?"

"दोनशे अकरा."

"वाट लावलीत. सगळ्या उडप्यांना दोन?"

"चकाल्याच्याक एक. तो रस्त्यार टेबला मांडता."

नमिता आधी हसली, मग हसायची थांबली, कारण धाकू भिंतीकडे बघत होता. त्याच्या नजरेसमोर दोनशे अकरा स्वयंपाकघरं होती, आणि प्रत्येकात कुणीतरी पदराला किंवा फडक्याला हात पुसत फोनकडे बघत होतं. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला. सुजाता भोजनालयाला पाच तारे केले, 'जेवण बरं' पुसून 'उत्तम जेवण' लिहिलं. "झालं. एवढं काय त्यात!"

धाकूचं एवढ्यावर समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून मुलुंडला त्या ऑफिसात गेला. तिथली लिफ्ट गुळगुळीत होती, आवाज न करता वर नेणारी. तिच्यात त्याच्यासारख्याचं काही काम नव्हतं. जेवणाचं बघणारी मुलगी होती रुचिका, नमिताच्याच वयाची.

"काका, पार्सल खाली गेटवर."

"पार्सल नाय. ते सुजाता भोजनालयाचं मी लिहिलंय. जेवण बरं, ते."

तिनं फोनमध्ये पाहिलं. "हे तर नमिता के. आहेत."

"माझी मुलगी. म्हणजे नाव तिचं. जेवलो मी."

"आणि आता पाच स्टार कोणी केले?"

"मीच. म्हणजे तिनं. मी सांगितलं म्हणून."

रुचिकानं खुर्ची पुढं सरकवली, पाणी दिलं. वाईट मुलगी नव्हती. "काका, राग मानू नका. तीन महिने तिथं तीन होते. आम्ही यादी काढली, त्यांना कळलं, आणि लगेच पाच झाले. आज सकाळीच सरांनी बघितलं. ते म्हणाले, सांगून करून घेतलंय. आधीचं 'बरं' होतं ते निदान खरं होतं."

"खरंच होतं. बरं म्हणजे चांगलं."

"बरं म्हणजे ओके ना?"

"ओकेच्या वर."

"किती वर?"

 धाकूनं हात थोडा उचलला, टेबलापासून वीतभर, आणि तिथंच धरून ठेवला. रुचिका त्या हाताकडे बघत राहिली.

"तुम्ही त्यांचे कोण?" तिनं हळूच विचारलं.

"जेवणारा," धाकू म्हणाला.

"सकाळीच दुसऱ्यांना हो कळवलंय, काका. मी तरी काय करू? मी स्वतः घरून डबा आणते."

त्यानं पाणी पूर्ण प्यायलं, कारण ग्लास अर्धा ठेवणं बरं दिसलं नसतं.

पुढच्या मंगळवारी जाळीची लिफ्ट तपासायला त्यानं नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. तेल घातलेल्या जागी पुन्हा तेल घातलं. सगुणाच्या गाळ्यात एकच टेबल उरलं होतं, बाकीची एकावर एक रचून कोपऱ्यात बांधलेली. फिल्टर काढून नेला होता. बाबासाहेबांचा फोटो अजून जागेवर होता. तो बहुधा शेवटी निघणार होता.

"बसा मामा. शनिवारपर्यंत आहे." तिनं ताट मांडलं. "मग भांडुपला एका केटररकडं. दिवसाला पाचशे भाकरी. वाढायला दुसरे असतेत. कोणी खाल्ली, कशी खाल्ली, काय दिसायचं नाही."

धाकू जेवू लागला. रस्सा होता तसाच होता. आत जाऊन तसाच नीट थांबला.

"त्या नमितेनं आता पाच दिलेत बघा," सगुणा म्हणाली. "उत्तम म्हणती. दया आली असंल बाईला." ती तव्याशी हसली, मग भाकरी उलटून कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मामा, तुम्ही दर मंगळवारी मुकाट खाता आन् जाता. कधी नाव ठेवलं नाही, कधी चांगलं म्हणला नाही. त्या फोनवाल्यांचं जाऊ द्या. तुम्ही सांगा. कसं झालंय?"

त्याला उत्तम आठवलं, छान आठवलं, झकास आठवलं. नमिता दिवसातून चारदा म्हणते ते सगळे शब्द त्यानं मनात उचलून पाहिले. एकही त्याचा नव्हता, आणि त्यातला एक तर त्याच्याच फोनमधून जाऊन या बाईला दयेसारखा लागला होता. जिभेवर आपला एकच शब्द येऊन उभा होता, एकोणतीस वर्षं ज्याच्यावर भातावर कढी पडली तो. तो ह्या गाळ्यात आता उच्चारता येण्यासारखा नव्हता. उच्चारला असता तर नमिता के. कोण ते तिनं ओळखलं असतं, आणि न उच्चारता तिला काही कळणार नव्हतं.

सगुणा वाट बघत होती. मागं तव्यावर भाकरी करपायला लागल्याचा वास आला, तरी ती वळली नाही.

धाकूनं ताट निपटून पुसलं. उठून बादलीतल्या पाण्यानं हात धुतले, पिशवी खांद्याला लावली. तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पायरी उतरून तो बाहेर पडला.