काठीला न सापडलेली पेटी

मुबारक मुकादम कुवेतमध्ये क्रेन चालवायचे. काचबिंदूने आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग खालचं. नोकरी सोडून परत आले तेव्हा समोरच्या माणसाचा नुसता आकार कळायचा. आता तोही कळत नाही.

आमच्या रोडपालीच्या सोसायटीत त्यांना सगळे ओळखतात. रोज सकाळी पांढरी काठी घेऊन ते एकटे बाहेर पडत, फूटपाथने सरळ कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जात, गप्पा मारत आणि एकटेच परत येत. कोणी हात धरायला आलं तर म्हणत, "बरोबर चला, बोलत चला. धरू नका." हे चालणं त्यांनी मुंबईच्या एका संस्थेत जाऊन शिकून घेतलं होतं. पहिल्या दिवशी जेमतेम गेटपर्यंत जाऊन परत आले, तरी शर्ट घामाने भिजला होता. पुढे तो रस्ता त्यांच्या पायांत बसला. लादी कुठे संपते, इस्त्रीवाल्या महादेवच्या कोळशाचा वास कुठे येतो, खांब कुठे आहेत, सगळं.

मागच्या हिवाळ्यात याच रस्त्यावर आशालता सबनीस यांचं मंगळसूत्र मोटरसायकलवाल्यांनी ओढून नेलं. त्या पडल्या, कोपर फुटलं. त्यानंतर त्यांनी संध्याकाळचं फिरणं सोडलं. त्यांचे यजमान कृष्णकांत सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी महापालिकेत खूप खेटे घातले आणि रस्त्यावर कॅमेरे आणवले. आशालताबाई पुन्हा फिरायला जाऊ लागल्या. त्या दिवशी सगळ्यांना पेढे मिळाले, मुबारकभाईंनाही.

कॅमेरे वर होते, पण त्यांच्या वायरी आणि यंत्रं ज्या लोखंडी पेट्यांत होती, त्या कंत्राटदाराच्या माणसांनी खांबाला चेहऱ्याच्या उंचीवर ठोकल्या. पेटी खांबापासून चांगली बाहेर, फूटपाथवर आलेली. डोळस माणूस जरा बाजूने जायचा. मुबारकभाईंची काठी मात्र जमिनीवरचं सांगते. तोंडासमोर काय लटकतंय ते तिला कळायला मार्ग नाही. काठी पेटीखालून मोकळी गेली आणि मागोमाग मुबारकभाई गेले. लोखंडाचा कोपरा भुवईच्या वर बसला. महादेवने त्यांना रिक्षात घातलं, दवाखान्यात टाके पडले.

जखम भरली, पण चालणं बिघडलं. गेटबाहेर पाऊल टाकलं की त्यांचा हात आपोआप तोंडासमोर यायचा. चार पावलांवर ते थांबायचे. शेवटी त्यांची बायको नूरुन्निसा त्यांना दंडाला धरून टपरीवर नेऊ लागली. तिथेही ते पूर्वीसारखे बोलेनासे झाले.

"तक्रार करू या," नूरुन्निसा म्हणाली.

"आणि कॅमेरे काढून नेले तर? सबनीस वहिनी परत घरात बसतील."

"आणि तुम्ही बसलात ते?"

त्याच संध्याकाळी तिला घेऊन ते सबनीसांच्या घरी गेले. कृष्णकांत आधी अवघडले. म्हणाले, "मुबारकभाई, त्या पेटीला आपण लाल कापड बांधू." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. मग म्हणाले, "एवढ्या मुश्किलीने कॅमेरे मिळालेत हो. तक्रार गेली की हे लोक सगळंच उचलून नेतील."

आशालताबाई आतून पाणी घेऊन आल्या. "न्यायचं तर नेऊ देत," त्या म्हणाल्या. "मला फिरता यावं म्हणून मुबारकभाईंनी घरी बसायचं का? उद्या मी येते तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी तिघं महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात गेली. तिथे कादंबरी पाटील नावाची कनिष्ठ अभियंता भेटली. रस्त्यावर बसवलेल्या अशा यंत्रांची पाहणी तिच्याकडे होती. तिने मुबारकभाईंच्या कपाळावरचा वण पाहिला, बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, मी स्वतः येऊन बघते."

ती खरंच आली. खांबाखाली उभं राहून म्हणाली, "काका, नेहमी चालता तसं चालून दाखवाल? मी इथेच आहे."

नूरुन्निसाने त्यांचा दंड सोडला. ते निघाले. काठी डावीकडे, उजवीकडे, मग खांबाच्या बुंध्याला टेकून पुढे. पेटी हाताच्या अंतरावर आली तसा कादंबरीने आपला तळवा लोखंडी कोपऱ्यावर धरला. मुबारकभाईंचं कपाळ त्या तळव्यावर टेकलं. ते जागीच थांबले. तिनेही हात लगेच काढला नाही.

"कळलं मला," ती म्हणाली.

तिने तिथूनच कंत्राटदाराच्या सुपरवायझरला, विश्वजीतला, बोलावून घेतलं. तो मोबाईल बघत बघत आला.

"परवानगीत पेटी कुठे लावायची लिहिलंय?" तिने विचारलं.

"वर, मॅडम. पण वर लावली की दुरुस्तीला दरवेळी शिडी आणावी लागते."

"मग शिडी आणा. फूटपाथवर माणसाच्या डोक्याला लागेल असं काही लटकवायचं नाही, हा नियम आहे."

"तसं असेल तर काढून टाकतो. मग कॅमेरे बंद पडले तर मला बोलू नका."

"काढा असं मी म्हटलेलं नाही. ठरलंय तिथे लावा, कॅमेरे चालू ठेवून. आणि ही एकच पेटी नाही, या रस्त्यावरच्या सगळ्या. मुदतीत झालं नाही तर पुढचं काम तुम्हाला मिळणार नाही. नोटीस आजच पाठवते."

विश्वजीत पुटपुटत गेला. कॅमेरे जाणार ही बातमी संध्याकाळपर्यंत सोसायटीभर पसरली. मुबारकभाईंचा फोन त्यांना मेसेज वाचून दाखवतो, यंत्राच्या सपाट आवाजात. त्या आवाजात त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज ऐकला, 'एका माणसासाठी सगळ्यांनी धोका का पत्करायचा?' लिहिणारा ओळखीचाच होता, टपरीवर रोज भेटणारा. त्यांनी फोन उलटा ठेवला. जेवताना म्हणाले, "मॅडमना फोन करून सांगू का, राहू द्या म्हणून?"

"सांगा," नूरुन्निसा म्हणाली. "मात्र मग मला रोज सकाळी न्यायला सांगायचं नाही."

त्यांनी फोन केला नाही. पण ते दिवस वाईट गेले. टपरीवर जाणंही त्यांनी टाळलं.

मुदत संपायच्या आत एका सकाळी शिडीची गाडी आली. खाली ड्रिलचा आवाज सुरू झाला तसे मुबारकभाई गॅलरीत येऊन उभे राहिले. खालून कादंबरीचा आवाज येत होता, कधी विश्वजीतचा. एकेका खांबाकडून गाडी पुढे सरकत गेली. दुपारच्या आधी दारावर जोरात थाप पडली. कृष्णकांत होते, जिना चढून धापा टाकत.

"चालू आहेत," ते म्हणाले. "सगळे कॅमेरे. सोसायटीच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर बघून आलो. एकही बंद पडला नाही हो." मग म्हणाले, "मुबारकभाई, मी उगाच घाबरलो."

"घाबरलो तर मीही होतो," मुबारकभाई म्हणाले. "अल्लाचं शुकर. बसा, चहा घ्या."

कृष्णकांत बसले. खुर्चीत बसल्यावर दोघांनाही हसू येऊ लागलं, विशेष काही कारण नसताना.

दुसऱ्या दिवशी मुबारकभाई एकटे निघाले. पहिल्या खांबाशी हात तोंडासमोर आलाच. तो त्यांनी हळूहळू वर नेला, टाचा उचलल्या, बोटं ताणली. कुठेच काही लागलं नाही. नुसती हवा. दुसऱ्या खांबाशीही त्यांनी तसंच केलं. तिसऱ्याशी विसरले. टपरीवर पोहोचले तेव्हा मेसेज लिहिणारा गृहस्थ उठून उभा राहिला आणि "या, बसा" म्हणत त्याने त्यांच्यासाठी जागा केली. मुबारकभाई बसले आणि त्यालाच विचारलं, "काय मग, मुलीचा रिझल्ट लागला का?"

आठवडाभर नूरुन्निसा गॅलरीतून त्यांना जाताना बघत राहिली. मग एका सकाळी तिने बॅग भरली आणि उरणला बहिणीकडे दोन दिवस राहायला निघून गेली. बस सुटल्यावर तिने फोन केला, "भात कुकरमध्ये आहे." मुबारकभाई म्हणाले, "फिकीर करू नकोस, तू आरामात ये." बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती. गव्हाण फाटा येईपर्यंत तिचा डोळा लागला.